कोबीजवरची अळी औषधाला दाद देत नाही, याचा उत्क्रांतीशी काय संबंध?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आणि त्यातला दुसरा तुमच्या मुलीचा आहे. मार्कंडेय नदीकाठी तुमची एकरभर कोबीज आहे. पानांना भोकं पाडणारी बारीक हिरवी अळी पूर्वी एका फवारणीत आटोक्यात यायची, आता दोनदा औषध मारूनही पानावर तशीच दिसते. दुकानदार म्हणतो, किडीला औषधाची सवय झाली, डोस वाढवा. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, असलेली मुलगी म्हणते, ही उत्क्रांती आहे, आमच्या पुस्तकात आहे. तुमचं म्हणणं असं, की उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, आणि शेवटी अळीची अळीच राहिली, तिचं दुसरं काही झालं नाही. मग खरं कोण बोलतंय?

मुलगी बरोबर बोलते आहे. तुमची शंकाही योग्य आहे, तिचं उत्तर खाली देतो. पण दुकानदाराचा सल्ला ऐकू नका. किडींचा आणि कीडनाशकांचा अभ्यास हेच माझं काम आहे, आणि बेळगाव, खानापूर, हुक्केरीपासून चंदगडपर्यंतच्या शिवारांत हाच सल्ला वारंवार ऐकून शेतकऱ्यांचा पैसा वाया जाताना पाहिला आहे. हे प्रकरण नीट समजलं तर फवारणीची पद्धतच बदलते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. तुमच्या रानात अळी खरोखर प्रतिकारक झाली आहे का, हे इथून सांगता येणार नाही. औषध लागू न पडण्याची कारणं बरीच असतात. कोबीजचं पान मेणचट असतं, चिकट द्रव्य मिसळलं नाही तर द्रावण ओघळून जातं. अळी पानाच्या खालच्या बाजूला असते आणि आपण वरून मारतो. मोठी झालेली अळी लहान अळीपेक्षा जास्त औषध सोसते. फवारल्यावर तासाभरात सर आली तर सगळं धुऊन जातं. बाटलीतला माल मुदत संपलेला किंवा बनावटही असू शकतो. म्हणून आधी घरी एक साधी चाचणी करा.

अळीच्या दोन्ही टोकांना शरीर निमुळतं असतं, आणि काडीने डिवचलं की ती वळवळत मागे सरते किंवा धाग्याला लोंबकळत खाली येते. हीच चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. अर्धा सेंटीमीटर लांबीच्या, साधारण एकाच वयाच्या अळ्या गोळा करा. औषध न पडलेल्या झाडाची पानं घ्या. हातमोजे घालून काही पानं लेबलवर दिलेल्या प्रमाणाच्या द्रावणात दहा सेकंद बुडवा, काही नुसत्या पाण्यात बुडवा, आणि सावलीत वाळवा. वेगवेगळ्या डब्यांत पानं ठेवून प्रत्येकात सारख्याच अळ्या सोडा आणि तोंडाला पातळ कापड बांधा. तीन-चार दिवसांनी मोजा, डिवचल्यावर हलत नाही ती मेलेली धरा. पाण्याच्या डब्यातल्या जगल्या आणि औषधाच्या डब्यातल्या मेल्या, तर औषध चांगलं आहे, चूक फवारणीत आहे. औषधाच्या डब्यातल्याही बऱ्याच जगल्या, तर एकदा खात्रीच्या ठिकाणच्या नव्या बाटलीने तीच चाचणी पुन्हा करा. तरीही जगल्या, तरच पुढचं सगळं तुम्हाला लागू होतं.

आता मूळ मुद्दा. एखादी अळी औषध खाऊन, सोसून, हळूहळू दणकट होते आणि तो दणकटपणा पिल्लांना देते, असं बहुतेकांच्या मनात चित्र असतं. तसं होत नाही. एखाद्या अळीच्या शरीरात विष पचवणारी द्रव्यं तिच्या हयातीत थोडी वाढू शकतात, हे खरं, पण ते तेवढ्यापुरतंच असतं आणि त्याने एवढा फरक पडत नाही. बदलते ती एकेक अळी नाही, रानातली सगळी जमात बदलते. औषध पडण्याआधीच त्या गर्दीत चार-दोन अळ्या अशा असतात की ज्यांच्यावर ते औषध चालत नाही. औषध चाळणीचं काम करतं. बाकीच्या मरतात, त्या उरतात, आणि पुढची पिढी त्यांची असते.

आकडे मांडून बघा, हे समजुतीसाठी घेतलेले आहेत. रानात एक लाख अळ्या आहेत आणि त्यातल्या फक्त १० प्रतिकारक आहेत. औषध साध्या अळ्यांपैकी शंभरातल्या ९९ मारतं. पहिल्या फवारणीनंतर साध्या सुमारे हजार उरतात आणि त्या १० जशाच्या तशा. शेतकरी म्हणतो, औषध एक नंबर. पण दहा हजारांत एक असलेल्या प्रतिकारक अळ्या आता शंभरात एक झाल्या. पिढी पुन्हा लाखावर गेली की त्या हजारभर होतात. दुसऱ्या फवारणीत साध्या पुन्हा हजाराच्या आत येतात, प्रतिकारकही तेवढ्याच उरतात, म्हणजे निम्म्या निम्म्या. शेतकऱ्याला अजूनही औषध चांगलंच वाटतं, कारण लाखाच्या दोन हजार झाल्या. तिसऱ्या वेळी मात्र लाखातल्या पन्नास हजार जिवंत राहतात आणि तो म्हणतो, अचानक काय झालं? अचानक काहीच झालं नाही. पहिल्या दोन फवारण्यांत जे घडत होतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं, एवढंच.

प्रत्यक्षात हे इतकं सरळ नसतं. प्रतिकारक पतंग साध्या पतंगांशी जुळतात, त्यांच्या पिल्लांत तो गुण कधी पूर्ण उतरतो, कधी अर्धा. शेजारच्या रानातून नवे पतंग येतात. औषध बंद केल्यावर कधी प्रतिकारकांचं प्रमाण घटतं, कारण तो बदल त्यांना इतर बाबतीत महाग पडलेला असतो, तर कधी घटत नाही. त्यामुळे तीन फवारण्या लागतील की तीस, ते परिस्थितीवर ठरतं. दिशा मात्र हीच.

या पतंगाच्या बाबतीत वेग जास्त का, तर आपल्या उबदार हवेत अंडं ते पतंग हा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो, आणि एक मादी शंभर-दीडशेच्या घरात अंडी घालते. तुमच्या पट्ट्यात बारमाही कोबीज आणि फ्लॉवर असल्याने वर्षात पंधरा-वीस पिढ्या सहज निघतात. माणसाच्या हिशेबात त्या चार-पाचशे वर्षांएवढ्या होतात. उत्क्रांतीला वेळ लागतो हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण तो वेळ पिढ्यांत मोजायचा असतो. १९५३ साली जावा बेटावर डीडीटी या कीडनाशकाला न जुमानणारी पिकावरची पहिली कीड नोंदली गेली, ती हीच. बीटी या अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूच्या फवारणीला शेतात पहिल्यांदा प्रतिकार केला तोही याच पतंगाने, हवाई बेटांवर. त्याच्याही आधी, १९१४ साली अमेरिकेत मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने फळझाडांवरच्या सॅन होजे खवले किडीबद्दल लिहून ठेवलं होतं, की काही भागांत गंधक-चुन्याचं द्रावण तिच्यावर चालेनासं झालं आहे. आज अशा प्रतिकारक कीटकांच्या आणि लाल कोळ्यासारख्या किडींच्या जाती पाचशेहून अधिक आहेत.

तुम्ही विचाराल, प्रतिकारक अळ्या आधीपासून होत्या, औषधाने घडवल्या नाहीत, हे कशावरून? याचा निकाल १९४३ साली लुरिया आणि डेलब्रूक यांनी जिवाणूंवर प्रयोग करून लावला. त्यांनी बऱ्याच नळ्यांत थोडेथोडे जिवाणू स्वतंत्रपणे वाढवले, मग प्रत्येक नळीतल्यांवर त्यांना मारणारा विषाणू सोडला. विषाणूच्या संपर्कामुळे प्रतिकार तयार होत असता, तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच जिवाणू वाचायला हवे होते. तसं झालं नाही. बऱ्याच नळ्यांत एकही वाचला नाही किंवा मोजके वाचले, आणि एखाद्या नळीत शेकडो. याचा अर्थ, त्या एखाद्या नळीत विषाणू यायच्या बऱ्याच आधी एका जिवाणूत बदल झाला होता आणि त्याची पिलावळ वाढली होती. या दोघांना पुढे १९६९ साली नोबेल मिळालं. मला हा प्रयोग उत्क्रांतीच्या सगळ्या पुराव्यांत सर्वांत देखणा वाटतो. मुलीला तो नीट समजून घ्यायला सांगा.

हा बदल म्हणजे नेमकं काय, तेही आता अणूपर्यंत माहीत आहे. तुम्ही लिहिलंय की कधी क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल मारतो, कधी फ्लुबेन्डिअमाइड. ही दोन्ही औषधं अळीच्या स्नायूतल्या एकाच प्रथिनाला धरतात. ते धरलं की स्नायूत कॅल्शियम सुटत राहतं, अळी आखडते आणि खाणं थांबवते. हे प्रथिन पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांची माळ आहे. २०१२ साली फिलिपिन्स आणि थायलंडमधल्या प्रतिकारक पतंगांत असं दिसलं, की माळेतल्या ४९४६ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं आहे. एवढाच फरक. डीएनएची प्रत काढताना एखादं अक्षर चुकतं, ते औषध बघून चुकत नाही. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात. एखादी चूक योगायोगाने औषधाची पकड सोडवते, आणि चाळणी लागली की तीच उरते. यालाच पुस्तकात उत्परिवर्तन आणि नैसर्गिक निवड म्हणतात.

पायरेथ्रॉइड गटाची गोष्ट याहून बोलकी आहे. ही औषधं मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटेवर काम करतात. घरमाशी, मलेरियाचा डास, झुरळ, माव्याची एक जात आणि हा आपला पतंग, या सगळ्यांत त्या प्रथिनाच्या एकाच जागी, एकाच प्रकारचा बदल झालेला सापडतो. त्यांचा एकमेकांशी संकर होत नाही, म्हणजे तो बदल एकाने दुसऱ्याला दिलेला नाही. प्रत्येकात तो स्वतंत्रपणे घडला, कारण चाळणी सारखी होती. आणि जागा एकच निघाली, कारण ते प्रथिन या सगळ्यांना एका जुन्या पूर्वजाकडून वारशाने आलं आहे. नैसर्गिक निवड आणि समान पूर्वज, दोन्हींचा पुरावा इथे एकाच ठिकाणी मिळतो.

यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, औषध का चालत नाही याचं, उत्तर निघतं. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेन्डिअमाइड यांची नावं वेगळी, बाटल्या वेगळ्या, पण चाळणी एकच. तुम्हाला वाटलं औषध बदललं, अळीच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. आणि डोस वाढवलात, तर उरलेल्या साध्या अळ्या तेवढ्या मरतील, ज्यांच्यावर औषध चालत नाही त्या तशाच राहतील. अळी खाऊन जगणाऱ्या मित्रकीटकांचा मात्र बळी जाईल.

आता तुमची शंका: अळीची अळीच राहिली ना?

राहिली, हे मान्य. वीस पिढ्यांत प्राण्याचा दुसरा प्राणी व्हावा असं कोणी जाणकार म्हणत नाही. पण छोट्या बदलांची बेरीज किती मोठी होते, ते तुमच्याच बांधाच्या आत उभं आहे. कोबीज, फ्लॉवर आणि नवलकोल या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत. युरोपाच्या बाजूच्या एका रानटी झाडाची पैदास करताना माणसांनी कुठे शेंड्याचा गड्डा मोठा होणारी झाडं बियाण्याला राखली, कुठे फुलोरा गच्च होणारी, कुठे खोड फुगणारी. तिन्ही शेजारी फुलू दिली तर आजही एकमेकांत मिसळतात. बियाणं राखणारा माणूस होता म्हणून ही कृत्रिम निवड म्हणायची. डार्विनने १८५९ च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण अशाच माणसाने केलेल्या निवडीवर लिहिलं. त्याचं पुढचं म्हणणं एवढंच, की राखणारा माणूस नसला तरी थंडी, दुष्काळ, शत्रू आणि रोग हेच काम करतात, आणि त्यांच्याकडे वेळ भरपूर आहे.

एका जातीच्या दोन जाती होण्याची सुरुवातही पाहायला मिळाली आहे, तीसुद्धा एका किडीतच. अमेरिकेत हॉथॉर्न नावाच्या रानझाडाच्या फळांत वाढणारी एक फळमाशी आहे. युरोपातून आलेल्या लोकांनी सफरचंदं लावली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही माशी सफरचंदावर दिसू लागली. सफरचंद हॉथॉर्नच्या आधी पिकतं, म्हणून सफरचंदावरच्या माश्या लवकर बाहेर पडतात. त्यांची जोडी फळावरच जमते, म्हणून त्या बहुतेक आपल्याच झाडावरच्यांशी जुळतात. आज दोन्ही गटांत जनुकांचा फरक मोजता येतो. त्या अजून पूर्ण वेगळ्या जाती नाहीत, त्या वाटेवर आहेत.

त्याहून मोठ्या बदलांसाठी प्रयोग करता येत नाही, तिथे खुणा वाचाव्या लागतात. त्याही आपल्या जिल्ह्याच्या आसपास आहेत. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि पुढची कित्येक दशकं जगात ते फक्त या एका गुहेतून माहीत होतं. कुठल्याही वटवाघळाच्या पंखाचा सांगाडा पाहा. दंडाचं हाड, कोपर, मनगट, नखासकट मोकळा अंगठा, आणि चार बोटं प्रचंड लांबलेली, त्यांच्यावर ताणलेली कातडी. आपल्या हातातली हाडं त्याच क्रमाने आहेत. बैलाच्या पुढच्या पायातही तोच क्रम, फक्त काही हाडं जुळलेली आणि काही नाहीशी झालेली. उडायला, धरायला आणि चालायला एकाच नमुन्याची हाडं का असावीत, याचं समान पूर्वज हेच एक सरळ उत्तर आहे. आणि हाडांवरून जी नाती लागतात, जवळपास तीच डीएनए वाचल्यावरही लागतात, हा त्याचा वेगळा पडताळा.

काळाचं मोजमाप हवं असेल तर गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून पडतो, त्या कलादगी गटाकडे बघा. याच गटाच्या बागलकोट बाजूच्या चुनखडकांत थरावर थर चढलेल्या गोलसर रचना दिसतात. त्या सूक्ष्मजीवांनी केलेल्या, शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या काळच्या खडकात हाड नाही, शिंपला नाही, पान नाही. जगभर हाच क्रम आहे, साधे जीव आधी, गुंतागुंतीचे नंतर. इतक्या जुन्या थरात माशाचा एक मणका जरी सापडला, तरी आमचं सगळं चित्र पुन्हा मांडावं लागेल. आजवर सापडलेला नाही.

एवढं सगळं का सांगतोय, तर उत्क्रांती न मानता शेती करता येते, पण ती लक्षात न घेता केलेल्या नियोजनाची किंमत मोजावी लागते. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या कापूस उत्पादकांना विचारा. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बीटी जिवाणूचं अळीमारक जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला. एका जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झालं, आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही तिने मागे टाकलं. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं पाकीट यायचं, ते आठवत असेल. बहुतेकांनी ते बांधावर टाकलं किंवा फेकून दिलं, कारण ते कशासाठी आहे हे कोणी समजावून सांगितलं नाही. त्या साध्या झाडांवर साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचे पतंग क्वचित वाचलेल्या प्रतिकारक पतंगांशी जुळावेत, आणि त्यांची पिल्लं बीटी झाडावर मरावीत, असा तो हिशेब होता. अमेरिकेत ॲरिझोनात अशी आश्रय-पिकं काटेकोर लावली आणि तिथे प्रतिकार कित्येक वर्षं लांबला. नंतर वंध्य पतंग सोडण्यासारख्या उपायांची जोड देऊन २०१८ मध्ये तिथल्या कापसातून ही कीड संपल्याचं जाहीर झालं.

तुमच्या कोबीजसाठी आता काय करायचं? चाचणीत प्रतिकार दिसला तर ही दोन्ही औषधं आणि त्यांच्याच गटातलं सायॅन्ट्रानिलिप्रोल निदान हा हंगाम बाजूला ठेवा. स्पिनोसॅड, इंडोक्साकार्ब, बीटी जिवाणूची पावडर हे सगळे वेगवेगळ्या गटांतले आहेत, मात्र कोबीजसाठी लेबलवर शिफारस आहे ना, हे पाहून घ्या. बदल दर फवारणीला न करता एका पिढीला एक गट धरा, म्हणजे साधारण तीन आठवडे एक गट आणि पुढचे तीन आठवडे दुसरा. नाहीतर एकाच पिढीवर सगळ्या चाळण्या एकदम लागतात. पहिली फवारणी लहान अळी असताना निंबोळी अर्काची करा. पानावर अळीशेजारी तांदळाच्या दाण्याहून बारीक पांढरे कोष दिसले तर थांबा, ते कोटेशिया नावाच्या परोपजीवी माशीचे असतात आणि ती तुमच्या बाजूने काम करते आहे.

बेंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने सांगितलेला मोहरीचा उपाय मला विशेष आवडतो. कोबीजच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लागणीच्या पंधरा दिवस आधी पेरायची आणि दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनी. मोहरीच्या कुळातल्या झाडांत जो तिखट घटक असतो, तो मुळात किडींपासून बचाव करण्याच्या कामी येतो. या पतंगाच्या पूर्वजांनी फार पूर्वी तो निष्प्रभ करणारं द्रव्य मिळवलं, आणि आता मादी त्याच घटकाच्या खुणेने अंडी घालायची जागा शोधते. मोहरीकडे ती जास्त ओढली जाते, म्हणून अंडी तिथे पडतात आणि फवारणी त्या ओळींवर करता येते. ही कीड आपल्या औषधांना इतक्या लवकर का पुरून उरते, याचं एक कारण इथे आहे, असं मला वाटतं. विषाशी झगडणं तिच्या वंशाला नवीन नाही.

काढणी झाल्यावर खुंट रानात ठेवू नका, लगेच नांगरून गाडा, त्यांच्यावरही पिढी निघते. आणि शेजाऱ्यांशी बोला. पतंग बांध ओळखत नाहीत. तुम्ही गट बदलला आणि शेजारी तेच औषध मारत राहिला, तर त्याच्या रानातून निवडून आलेले पतंग तुमच्याकडेच येणार.

चाचणीचे आकडे आले, की गेल्या वर्षभरात मारलेल्या प्रत्येक औषधाच्या बाटलीवरचं घटकाचं नाव आणि तारीख यांची यादी करून इथे लिहा. मग पुढचा गट कोणता घ्यायचा ते नेमकं सांगता येईल. तोवर घाई असेल तर डब्यातल्या जिवंत अळ्या आणि ती यादी घेऊन मत्तीकोप किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात, जे जवळ पडेल तिथे, जाऊन या.